कलमदान : घडविणारा हात आणि लिहिणारा हात
(ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दिलेले भाषण)



'शिक्षण व आपला समाज' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस पत्राने आज्ञा केली. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माणसास या विषयावर बोलावयास लावणे कठीण नाही. त्यास थांबविणे मात्र कठीण असते. परंतु शिक्षणाची महती या व्यासपीठावरून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि ती ऐकविणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून आज नेहमीची वाट थोडी सोडून बोलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून आधीच मागून घेतली आहे.

समोरच्या मेजावर दोन कलमदाने ठेविली आहेत. त्यांतील एक काळवंडलेले पण सुबक आहे. दुसरे नवे पण ओबडधोबड आहे. नवे आम्ही केले आहे, हे सांगावयास नकोच. जुने आमच्या आजोबांनी केलेले आहे. या दोन वस्तूंच्या मध्ये सुमारे नव्वद वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात आपल्या सुतार समाजाने काय मिळविले व काय गमाविले, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मुलांपैकी पुष्कळांनी कलमदान हा शब्दही ऐकिला नसेल. लिहिण्याचे साहित्य एके ठिकाणी ठेवण्याची ही लाकडी पेटी. तीत दौतीसाठी एक खण, बोरूसाठी लांबट पन्हळ, बोरू तासण्याच्या चाकूस जागा, आणि ओल्या अक्षरांवर भुरभुरविण्याच्या बारीक वाळूसाठी एक कप्पा असे. पुढे बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन झरणी आली, आणि आता तर लिहिणेच बोटांच्या टोकांवर आले. तरीही मेजावरचा पसारा काही कमी झाला नाही. चष्मा, पेन, औषधाच्या गोळ्या, किल्ल्या, भ्रमणध्वनी आणि त्याची ती गुंतणारी वायर यांना घर लागतेच. तेव्हा कलमदानाचे काम संपले असे कोणी म्हणू नये. त्यातील बिऱ्हाडे तेवढी बदलली.

ज्ञातिबांधवहो, विद्येचा आणि आपला संबंध फार जुना आहे. मात्र तो विलक्षण आहे. पूर्वीच्या मुलाने धूळपाटीवर अक्षरे गिरविली, ती पाटी सुताराने केली. दगडी पाटी आली, तिची चौकट सुताराने केली. शाळेतला फळा, गुरुजींची खुर्ची, सावकाराचे उतरते मेज, देवळातल्या पोथीखालची घोडी, ही सारी सुताराच्या हातची. अक्षर उमटण्यापूर्वी जे जे लागते, ते ते आपण केले. अक्षर तेवढे दुसऱ्याचे राहिले. गावगाड्यात आपले काम नांगर, वखर, तिफण आणि गाडी यांचे. खळ्यावर सुगीला जे बलुते मिळे त्यावर वर्ष काढावयाचे. त्या व्यवहारात लिहिण्यावाचण्याचे प्रयोजन पडत नसे, आणि पडले तर कोणी शिकवीत नसे.

आमचे आजोबा गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावचे बलुतेदार सुतार होते. बाभळीचा नांगर तर ते करीतच; पण कोरीव कामात त्यांचा हात विशेष होता. वाड्याच्या दारावरील गणेशपट्टी, देवघराचे खांब, पाळण्याचे मोर यांसाठी आसपासच्या गावांतून त्यांस बोलावणे येई. तो निजामी राजवटीचा काळ होता. सरकारी दफ्तर उर्दूत चाले, सावकाराच्या वह्या मोडीत असत, आणि आजोबांस दोन्ही सारखीच अगम्य होती.

थोरल्या आत्याचे लग्न ठरले तेव्हा आजोबांनी गावातील एका सावकाराकडून हाली शिक्क्याचे ऐंशी रुपये काढिले. त्याच सुमारास सावकाराने त्यांच्याकडून एक कलमदान करवून घेतले होते. त्याचे पैसे व्याजात वळते होतील, असे ठरले. कागद करण्याच्या दिवशी आजोबा ते नवे कलमदान घेऊन वाड्यावर गेले. आमचे वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. तेही बरोबर होते. दौत भरली गेली, बोरू टोकला गेला, कागद लिहून झाला. तो वाचून दाखविला की नाही हे वडिलांस आठवत नव्हते. एवढेच आठवत होते की, आजोबांनी स्वतः कोरलेल्या त्या कमळाशेजारच्या दौतीतील शाई त्यांच्याच अंगठ्यास लाविली गेली, आणि तो अंगठा कागदावर दाबला गेला. घरी येईपर्यंत आजोबा तो अंगठा धोतराच्या सोग्याला पुसत होते.

ते ऐंशी रुपये किती वर्षे फिटत होते, हे आम्ही सांगत नाही. तसे कागद आपणांपैकी पुष्कळांच्या घरी झाले असतील.

त्या दिवशी आमच्या वडिलांनी मनात काय ठरविले ते त्यांनी आम्हांस पुढे एकदाच सांगितले. १९७२ च्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. शेतात पीक नाही, म्हणून खळे नाही. खळे नाही, म्हणून बलुते नाही. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात. त्या उन्हाळ्यात त्यांनी वाकस, करवत, रंधे, पटाश्या यांस तेल लावून गोणपाटात बांधले आणि ते गाठोडे घराच्या तुळईला टांगले. एके दुपारी आम्ही कुतूहलाने ते सोडून बसलो असता ते कामावरून आले. त्यांनी आमच्या हातातील पटाशी काढून घेतली आणि म्हणाले, "पुन्हा हे हत्यार तुझ्या हातात दिसलं, तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही. माझ्या बापाच्या अंगठ्याला शाई लागली तेवढी पुरे झाली. तू सही करायची."

आम्ही सही करावयास शिकलो. १९७७ साली मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, आणि पहिल्या पगाराच्या पत्रकावर सही केली तेव्हा वडील शाळेच्या दाराशी उभे होते. त्यांचे ऋण आम्ही मानतो. त्यांनी केले ते योग्यच केले, हे आम्ही आज प्रथम सांगून ठेवितो, म्हणजे पुढील बोलण्याचा विपर्यास होणार नाही.

परंतु छत्तीस वर्षे आम्ही ज्या फळ्यावर लिहिले, त्याची चौकट कोणत्या सांध्याने जोडली आहे, हे एकदाही पाहिले नाही. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हे हजारो मुलांकडून पाठ करविले. पण चौकट काटकोनात आहे की नाही हे सुतार नेमक्या त्याच दोन कर्णांनी पाहतो, हे सुताराच्या पोटी जन्मूनही आम्हांस ठाऊक नव्हते. आजोबांच्या हातात विद्या नव्हती असे आपण म्हणतो. विद्या होती, अक्षर नव्हते. आमच्याकडे अक्षर आले, आणि ती दुसरी विद्या घराच्या तुळईला टांगलेली राहिली.

तीन वर्षांपूर्वी त्या सावकाराचा वाडा उतरविण्यात आला. वारस मंडळी शहरात असतात. खांब, तुळया, कोरीव दारे विकत घेणारे व्यापारी आले होते. आम्ही सहज पाहावयास गेलो. अडगळीत हे कलमदान पडले होते. वारसांपैकी एक गृहस्थ आमचे जुने विद्यार्थी निघाले. "गुरुजी, तुम्हांला हवे असेल तर न्या," एवढेच ते म्हणाले. घरी आणून पुसले, उलटे केले, आणि तळाशी पाहतो तो काय, बोटाच्या पेराएवढा एक वाकस कोरलेला!

मित्रहो, हे काय आहे ते जाणते लोक ओळखतील. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्यांस लिहिता येत नसे ते आपल्या नावापुढे निशाणी करीत. शेतकऱ्याने नांगर काढावा, बाईने बांगडी काढावी, कारागिराने आपले हत्यार काढावे, अशी चाल होती. म्हणजे अक्षर नसलेल्या माणसासही आपला धंदा हीच सही होती. आजोबांस कागदावर अंगठा द्यावा लागला; पण कलमदान सावकाराच्या हाती देण्यापूर्वी, कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी आपली सही करून ठेविली होती. आमच्या घराण्यातील पहिली सही आम्ही केली, असे आम्ही आयुष्यभर समजत होतो. ते खरे नव्हते.

त्या रात्री आम्ही तुळईवरचे गाठोडे सोडले. वडील २००४ साली वारले. आज्ञा मोडल्याबद्दल त्यांच्या तसबिरीपुढे हात जोडले. हत्यारे गंजली होती. ती कशी धरावीत हेही कळेना, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या आमच्या एका चुलत्यांकडे गेलो. ते म्हणाले, "पोरांना छड्या मारून शिकवलं असशील गुरुजी. लाकडाला छडी चालत न्हाई. आधी त्याची रेष बघ."

आम्ही रेष पाहिली नाही. घाईने बाजारातून अर्धवट वाळलेली फळी आणली, पेटी केली, आणि तळ भक्कम बसावा म्हणून चोहोंबाजूंनी सरस लावून वर खिळे ठोकले. पेटी उत्तम दिसत होती. वैशाखात एके रात्री काडकन आवाज झाला. सकाळी पाहतो तो तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेला. चुलते हसले व म्हणाले, "तू त्याला बांधून घातलंस. लाकूड उन्हाळ्यात आत घेतं, पावसाळ्यात पसरतं. त्याला हलायला जागा नको?" परभणीच्या उन्हाळ्यात माणूस सुकतो, तेथे लाकडाची काय कथा!

आता आम्हांस साधलेली कृती सांगतो. ती विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावी.

लाकूड जुने सागवान घ्यावे. मोडलेल्या घराची चौकट किंवा पडलेल्या दाराची फळी मिळाल्यास उत्तम. तिने चाळीस-पन्नास उन्हाळे पाहिलेले असतात. सागाच्या अंगी तेल असते, म्हणून त्यास वाळवी सहसा लागत नाही. मात्र तो हत्याराची धार लवकर खातो, हे लक्षात ठेवावे. शिवण मिळाल्यास कोरावयास अधिक हलकी. बाभूळ मात्र घेऊ नये. ती नांगराची सोबतीण आहे, कलमदानाची नव्हे. जुन्या लाकडातील खिळे प्रथम शोधून काढावेत, नाही तर रंध्याचे पाते जाईल.

माप सुतारकीचे सांगतो. इंचाचे आठ भाग केले म्हणजे एक भाग हे एक सूत. बाहेरची पेटी बारा इंच लांब, सात इंच रुंद व तीन इंच उंच धरावी. त्यासाठी बारा इंचांच्या दोन व सात इंचांच्या दोन फळ्या, चारही चार सूत जाड व तीन इंच रुंद, रंधून घ्याव्यात. फळीवर खूण शिसपेन्सिलीने नव्हे, चाकूच्या टोकाने करावी. म्हणजे पटाशी त्या रेषेतच बसते. करवत नेहमी रेषेच्या टाकाऊ बाजूने चालवावी. रेष खाल्ली म्हणजे सांधा सैल झालाच.

कोपरे दात-खाचांनी जोडावेत. तीन इंचांच्या उंचीचे चार-चार सुतांचे सहा भाग पाडावेत आणि एक आड एक कापावेत. लांब फळीचा जेथे दात, तेथे आखूड फळीची खाच. लांब फळीचा सर्वांत खालचा भाग दात राहील असे पाहावे. हाताने दाबून बसेल आणि ओढल्यावर थोडा हट्ट करील, असा सांधा पाहिजे. हातोडीने बसवावा लागला तर तो फाडतो.

तळासाठी चारही फळ्यांच्या आतल्या अंगास, खालच्या कडेपासून दोन सूत वर, दोन सूत रुंद व दोन सूत खोल असा चर पाडावा. लांब फळीत हा चर टोकापर्यंत नेऊ नये. दोन सूत अलीकडे थांबवावा, नाही तर कोपऱ्यावर भोक दिसते. तळाची फळी दोन सूत जाड घ्यावी. तिची रेष लांबीला धरावी. लांबी अकरा इंच साडेतीन सूत आणि रुंदी सहा इंच तीन सूत ठेवावी. चराच्या हिशेबाने रुंदीत एक सूत कमी पडते. ती उणीव नव्हे, लाकडाची श्वास घेण्याची जागा होय. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. म्हणून तळास सरस लावावयाचा नाही आणि खिळाही मारावयाचा नाही. आमचा वैशाखातला आवाज ध्यानात असू द्या.

आत समोरच्या बाजूस दोन इंचांची पन्हळ सोडून लांबीची एक पडदी उभी करावी. ती दोन सूत जाड, अकरा इंच दोन सूत लांब असावी. आखूड फळ्यांत एक सूत खोल उभे चर पाडून ती वरून सरकवावी. मागच्या भागात चार-चार इंचांच्या दोन आडव्या पडद्या तशाच चरांत बसवाव्यात. म्हणजे मागे तीन कप्पे होतात : एक चष्म्यास, एक किल्ल्या व सुटे पैसे यांस, एक ज्यास त्यास हवा तसा. पडद्या नुसत्या सरकविलेल्या असल्याने उद्या गरज बदलली तर काढूनही ठेविता येतात.

कोरीव काम जोडणीपूर्वी, समोरची फळी आडवी ठेवून करावे. प्रथम धार. कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून पटाशी एकाच कलाने फिरवावी. मनगटावरचे केस उतरू लागले म्हणजे धार आली असे समजावे. बोथट पटाशीस जोर लागतो, आणि जोर लागला की हत्यार निसटते. पटाशीपुढे दुसरा हात कधीही धरू नये. नक्षीसाठी शाळेतला कंपास पुरे. एक वर्तुळ काढावे. तीच फाक ठेवून परिघावर सहा खुणा कराव्यात, आणि प्रत्येक खुणेवर टोक रोवून आतून कमानी काढाव्यात. सहा पाकळ्यांचे कमळ आपोआप उमलते. ते का उमलते, याचे उत्तर भूमितीच्या पुस्तकात आहे; मुलाने ते तेथे जाऊन शोधावे. नंतर पाकळीच्या रेषेवर पटाशी उभी दाबून काप द्यावा, व मग पाकळीच्या पोटातून त्या कापाकडे तिरपे उतरत जावे. खोली एक सुताहून अधिक नको. पटाशी रेषेच्या कलाने चालली म्हणजे ढलपी गुंडाळत निघते. उलट चालली म्हणजे पाकळीच उडते. गोल नक्षीत लाकडाची रेष एका बाजूस अनुकूल तर दुसऱ्या बाजूस प्रतिकूल असतेच; तेव्हा हट्ट न धरता आपण बाजू बदलावी.

मग सरस फक्त कोपऱ्यांच्या दातांस लावावा. तीन बाजू जोडाव्यात, तळ सरकवावा, चौथी बाजू बसवावी, आणि लगेच दोन्ही कर्ण मोजावेत. सारखे आले तर दोरीने आवळून रात्रभर ठेवावे. कमीजास्त आले तर लांब कर्णाचे दोन कोपरे हलकेच दाबावेत. दुसऱ्या दिवशी रेषेच्या दिशेने काचकागद फिरवावा, व जवसाच्या तेलाचा पातळ हात फडक्याने देऊन उरलेले तेल पुसून घ्यावे. पूर्ण वाळल्यावर दुसरा व तिसरा हात द्यावा. ते तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. अशी फडकी आपोआप तापून पेट घेतात. ती उलगडून बाहेर वाळत घालावीत.

हे सर्व करावयास आम्हांस दोन महिने लागले. आजोबांस चार दिवस लागले असते. पण त्या दोन महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते आम्हांस पूर्वी कोणी शिकविले असते तर छत्तीस वर्षे आम्ही अधिक चांगले गुरुजी झालो असतो, असे आमचे मन आम्हांस सांगते.

हा विचार आमच्या पदरचा नाही. फिनलंड देशात युनो सिग्नेयस या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रयत्नाने १८६६ साली शाळेत हस्तकाम आले. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सॉलोमन यांनी 'स्लॉइड' नावाची पद्धती बांधली. मुलाने सोप्यापासून कठिणाकडे जात, घरात उपयोगी पडेल अशी पुरी वस्तू स्वतः करावी, असे तिचे सूत्र होते. आपल्याकडे महात्माजींच्या प्रेरणेने १९३७ च्या ऑक्टोबरात २२ व २३ तारखांस वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि उद्योगातून शिक्षण देणारी नयी तालीम पुढे आली. ती शाळाशाळांत मुरली नाही. त्याचे एक कारण आपणही आहोत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हत्यारच धरले, त्यांस शाळेत पुन्हा हत्यार दिलेले रुचले नाही. आमच्या वडिलांस रुचले नसतेच, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. सुताराच्या मुलास रंधा आणि इतरांच्या मुलांस पुस्तक, असा उद्योग कोणी देऊ लागला तर आजही आम्ही तो नाकारू. उद्योग द्यावयाचा तर सर्वांच्या मुलांस द्यावा, आणि पुस्तकासह द्यावा.

याच जिल्ह्यात गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडण करता करता अभंग रचले. काम आणि शब्द एकाच देहात नांदू शकतात, याहून मोठा दाखला कोणता हवा? आणि याच जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात चारठाणा येथे यादवकालीन मंदिरांवरचे कोरीव काम पाहून आपण थक्क होतो. पण ते कोरणाऱ्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. तेथे काम राहिले, शब्द राहिला नाही.

आजची गोष्ट सांगतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारची पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत अठरा धंदे आहेत, व सुतारकाम त्यांत आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तीत तरतूद आहे. ती चांगलीच आहे. तिच्या नोंदणीसाठी आमच्या एका कारागीर बंधूंबरोबर आम्ही गेलो होतो. केंद्रावरील मुलाने यंत्र पुढे केले आणि आमच्या बंधूंनी काही न विचारता अंगठा ठेविला. आम्ही विचारले, "कर्ज किती, हप्ता किती, वाचलंत का?" ते म्हणाले, "गुरुजी, ते तुमच्यासारख्यांचं काम." शाई नव्हती, सावकार नव्हता, योजनाही हिताची होती, तरी आम्हांस आजोबांचा धोतराला पुसलेला अंगठा आठवला. घरी आणून आम्ही त्यांस सर्व कागद वाचून दाखविले, हप्त्याचा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घेतला. तो त्यांनी आमच्याहून लवकर केला. सुतांचा हिशेब करणाऱ्यास टक्क्यांचा हिशेब काय जड!

तेव्हा कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवितो. पहिली अशी की, दर वर्षी येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो व त्यांस प्लॅस्टिकची स्मृतिचिन्हे दिली जातात. सुतारांच्या संमेलनात प्लॅस्टिकची स्मृतिचिन्हे! पुढील वर्षापासून आपल्या कारागीर बंधूंनी हाताने केलेली कलमदाने द्यावीत, त्यांचा योग्य मोबदला द्यावा, आणि तळाशी करणाऱ्याची सही असावी. दुसरी सूचना अशी की, आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांनी कारागिरांकडून पटाशी धरावयास शिकावे, आणि त्याच दिवशी त्याच कारागिरांस त्या मुलांनी अर्ज, करार व बँकेचे कागद वाचून समजावून द्यावेत. शिकविणारा व शिकणारा ही नाती दुपारी उलटतील, एवढेच. जागेची अडचण असेल तर आमच्या घराची पडवी मोकळी आहे, आणि वडिलांची हत्यारे आता धार लावून तयार आहेत.

आमचा मुलगा पुण्यास संगणकावर काम करतो. सुटीत आला तेव्हा आमचे हे ओबडधोबड कलमदान पाहून प्रथम हसला. मग त्याने कोपरा बोटाने चाचपून विचारले, "हे खिळ्याशिवाय कसं राहिलं, आप्पा?" त्याच्या तोंडून आम्ही हा प्रश्न प्रथमच ऐकिला. त्याच्यासाठी दुसरी फळी रंधून ठेविली आहे. दिवाळीत तो येईल.

आमच्या कलमदानाचा तळ आपण पाहू शकता. तेथे आजोबांच्या वाकसाची नक्कल कोरिली आहे, आणि तिच्याशेजारी आमचे नाव अक्षरांत आहे. अक्षरे वाकडी आली आहेत. लाकडावर आम्ही प्रथमच लिहिले.